वीस टक्के इथेनॉल: नाशिक जिल्ह्याच्या बाजूने मांडलेला हिशेब

नासर्डीकाठ (धागाकर्ता)

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात २०३० सालासाठी ठेवले होते. पुढे ते २०२५-२६ वर आणले गेले, जून २०२२ मध्ये १० टक्क्यांचा टप्पा ठरल्या मुदतीच्या पाच महिने आधी पार पडला आणि २०२५ मध्ये २० टक्केही गाठले गेले. २०१३-१४ मध्ये हेच प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास होते, हे पाहता ही मजल लहान नाही आणि ती मारणाऱ्या कारखान्यांचे, आसवन्यांचे (म्हणजे डिस्टिलरींचे) आणि तेल कंपन्यांचे श्रेय कुणी नाकारू नये.

मात्र आपल्याकडे या विषयावर बोलणे निघाले की लगेच दोन तट पडतात. एका तटाला इथेनॉल म्हणजे इंजिनाची वाट लावणारी भेसळ वाटते, तर दुसऱ्याला त्यावर शंका घेणारा प्रत्येक माणूस शेतकऱ्याच्या मुळावर उठलेला वाटतो. माझे म्हणणे असे आहे की इथेनॉल शेवटी एकच असले तरी ते मळीपासून, उसाच्या रसापासून की मक्यापासून तयार झाले यावर त्याचा खर्च, त्याला लागलेले पाणी आणि त्यातून कुणाचे भले झाले हे सारेच बदलते. म्हणून त्याला सरसकट चांगले किंवा वाईट न ठरवता प्रत्येक प्रकाराचा हिशेब वेगळा मांडला पाहिजे. निफाड-दिंडोरीचा ऊस, येवला-मालेगाव-चांदवडचा मका, दुष्काळी वर्षात ज्यांच्या पाण्यावरून भांडण होते ती गंगापूर-दारणा धरणे आणि मनमाडजवळचा पानेवाडीचा इंधन डेपो, हे सगळे आपल्या एकाच जिल्ह्यात असल्यामुळे हा हिशेब आपण मांडणे योग्यच होईल.

पानेवाडीपासूनच सुरुवात करतो. पेट्रोल मुंबईहून पाइपलाइनने तिथे येते. इथेनॉल हवेतले आणि नळीतले पाणी शोषून घेत असल्यामुळे ते पाइपलाइनमधून पाठवत नाहीत; ते आसवन्यांमधून टँकरने डेपोत येते, तिथे पेट्रोलमध्ये मिसळले जाते आणि मग आपल्या पंपांकडे रवाना होते. म्हणजे हरित म्हणवणारे हे इंधन डिझेल जाळत डेपोपर्यंत येते आणि आसवनी जितकी लांब तितका तो खर्च वाढतो. डेपोच्या जवळ ऊस आणि मका दोन्ही पिकणे हा या भागाचा मोठा फायदा आहे, पण त्याची चर्चा फारशी होत नाही.

ॲव्हरेजच्या प्रश्नावर मला दोन्ही तटांची टोकाची विधाने अमान्य आहेत. एका लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, तर एका लिटर इथेनॉलमध्ये सुमारे २१. दोन्ही ८० आणि २० या प्रमाणात मिसळले की लिटरमागे ऊर्जा जवळपास ७ टक्क्यांनी घटते, आणि हे कुणाचे मत नसून निव्वळ अंकगणित आहे. इथेनॉलचा ऑक्टेन, म्हणजे इंजिनात अवेळी पेट न घेण्याची क्षमता, मात्र पेट्रोलपेक्षा बराच जास्त असतो, त्यामुळे ज्या इंजिनाचा दाब आणि ठिणगीची वेळ या मिश्रणासाठी जुळवलेली आहे ते इंजिन यातली बरीच तूट भरून काढते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच हे नमूद आहे: जुन्या, १० टक्क्यांपुरत्या जुळवलेल्या चारचाकींत ६ ते ७ टक्के घट, तशाच दुचाकींत ३ ते ४ टक्के आणि १० टक्क्यांसाठी बांधलेल्या पण २० टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींत १ ते २ टक्के. अर्धे ॲव्हरेज गेले असे सांगणारेही चुकतात आणि काहीच फरक पडत नाही असे सांगणारेही चुकतात. महिन्याला २० लिटर पेट्रोल टाकणाऱ्या जुन्या दुचाकीच्या मालकाला ४ टक्के घट धरली तर ऐंशी-नव्वद रुपये जास्त मोजावे लागतात. रक्कम मोठी नाही, पण सातपूर-अंबडला पाळीवर जाणाऱ्या कामगाराला ती नगण्य वाटत असेल असे मी म्हणणार नाही.

आणि इथेच दराचा प्रश्न येतो. २०२१ चा आराखडा झाला तेव्हा इथेनॉल पेट्रोलपेक्षा स्वस्त होते आणि त्याचा लाभ ग्राहकाला देण्याची सूचनाही पुढे आली होती. त्यानंतर खरेदीचे दर वाढत गेले. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेल्या माहितीप्रमाणे वाहतूक आणि जीएसटी धरून इथेनॉलचा सरासरी खरेदी खर्च लिटरला ७१ रुपये ३२ पैसे होता आणि तो शुद्धीकरण केलेल्या पेट्रोलच्या खर्चापेक्षा जास्त होता. एका लिटर पेट्रोलइतकी ऊर्जा मिळवायला सुमारे दीड लिटर इथेनॉल लागते हे ध्यानात घेतले तर तेवढ्याच ऊर्जेसाठी पेट्रोलवरचे कर लागण्यापूर्वीच सुमारे १०८ रुपये खर्च होतात. याचा अर्थ योजना बंद करावी असा मी काढत नाही. २०१४-१५ पासून जुलै २०२५ पर्यंत १ लाख ४४ हजार कोटी रुपयांहून अधिक परकीय चलन वाचले असे मंत्रालय सांगते, आणि आखातात काही घडले की ज्या देशाच्या तोंडचे पाणी पळते त्या देशासाठी ही मोठी गोष्ट आहे. पण मग स्वस्त इंधन म्हणून त्याचे समर्थन करू नये. ही देशाच्या इंधनसुरक्षेसाठी आणि शेतीमालाच्या भावासाठी मोजलेली किंमत आहे असे उघड सांगावे आणि ती कुणी किती मोजायची हे मोकळेपणाने ठरवावे. पंपावर बिनमिश्रणाच्या पेट्रोलचाही पर्याय मिळावा अशी जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली, त्यामुळे निवडीचा मार्ग तूर्त बंद आहे. निवड नसेल, तर दरातून थोडी भरपाई मागण्याचा हक्क जुन्या वाहनांच्या मालकांना आहे असे मला ठामपणे वाटते.

आता पाणी. माझ्या दृष्टीने सर्वांत कळीचा मुद्दा हाच आहे. उसापासून एक लिटर इथेनॉल काढायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागते, असे नीती आयोगाचाच आराखडा सांगतो. कोल्हापूरकडे हा आकडा पचतो. आपल्याकडे गंगापूर आणि दारणेचे पाणी नांदूरमध्यमेश्वरला येते, तिथून गोदावरीच्या डाव्या-उजव्या कालव्यांनी निफाड, येवला, कोपरगाव, राहात्याकडे जाते, आणि पाणीवाटपाच्या मेंढेगिरी समितीच्या सूत्रानुसार ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत खालचे जायकवाडी धरण ६५ टक्के भरले नाही तर वरच्या धरणांतून खाली पाणी सोडावे लागते. द्राक्षबागा, शहराचे पिणे, औद्योगिक वसाहती, मराठवाडा आणि ऊस हे सगळे एकाच खोऱ्यात आणि एकाच आवर्तनाच्या तारखेकडे डोळे लावून बसलेले आहेत.

म्हणून मी फरक असा करतो. साखर काढून झाल्यावर जी सी हेवी मळी उरते, तिच्यापासूनच्या इथेनॉलसाठी वेगळे पाणी लागत नाही, कारण ऊस साखरेसाठी पिकलेलाच होता. साखर जास्त झाली असताना बी हेवी मळी (जिच्यात काढण्याजोगी थोडी साखर अजून असते) वळवणेही समजण्यासारखे आहे. पण इथेनॉलसाठी म्हणून पाटपाण्यावर उसाचे नवे क्षेत्र वाढवणे, हे गोदावरीच्या खोऱ्यात मला कोणत्याही भावात परवडणारे दिसत नाही.

मक्याचे गणित वेगळे आहे. एक टन उसाच्या रसापासून सुमारे ७० लिटर इथेनॉल निघते, तर एक टन मक्यापासून ३७० ते ३८० लिटर. एकरी ४० टन ऊस आणि एकरी २५ क्विंटल मका धरला तर उसाचे २,८०० लिटर आणि मक्याचे साडेनऊशेच्या आसपास येतात, म्हणजे ऊस तिप्पट वाटतो. पण ऊस बारा महिने, आडसाली असेल तर त्याहून जास्त काळ रान अडवतो आणि मका साडेतीन-पावणेचार महिन्यांत, तोही बहुतांशी पावसावर निघतो. महिन्याच्या हिशेबाने दोघे जवळजवळ बरोबरीने येतात आणि मक्याच्या रानात मागाहून कांदाही लागतो.

या मांडणीत काय राहून गेले आहे ते जाणकारांनी सांगावे. विशेषतः प्रत्यक्ष शेती, आसवनी आणि गॅरेज यांत काम करणाऱ्यांची मते वाचायला आवडतील.

कादवेचा ऊसकरी

आपली मांडणी अभ्यासपूर्ण आहे, पण तीत ऊस उत्पादकाच्या हातात पैसा कधी पडतो हा विषय आलेला नाही, म्हणून लिहितो.

कायद्याने ऊस कारखान्याला दिल्यापासून १४ दिवसांत त्याचे पैसे मिळायला हवेत. हा नियम १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातला आहे, आणि त्याचे पालन कसे होत आले आहे हे आपल्या जिल्ह्यातल्या सभासदांना वेगळे सांगायला नको. साखर गोदामात पडून असते, तिच्यावर बँकेकडून उचल घेतलेली असते, व्याज चालू असते, आणि साखरेची किमान विक्री किंमत फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये ठरल्यानंतर एफआरपी (केंद्राने ठरवलेला उसाचा किमान भाव) वाढत गेली तरी ती कित्येक हंगाम जागची हलली नाही. २०२५-२६ साठी एफआरपी क्विंटलला ३५५ रुपये आहे. अशा वेळी इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून तीनेक आठवड्यांत येतात, ही कारखान्याच्या दृष्टीने जीवदान देणारी गोष्ट असते. ज्या कारखान्याकडे आसवनी नाही त्याची बिले थकतात आणि ज्याच्याकडे आहे तो वेळेवर देतो, हा फरक शेतकऱ्यांनी स्वतः पाहिला आहे. जिल्ह्यातले जे कारखाने बंद पडले त्यांच्या सभासदांना आपला ऊस नगर जिल्ह्यात किंवा गुळाकडे पाठवावा लागला, तो कोणत्या भावाने गेला हेही आम्हाला ठाऊक आहे.

पाण्याबद्दल म्हणाल तर आमच्याकडे आता बराच ऊस ठिबकवर आहे. २,८६० लिटरचा आकडा मोकळ्या पाटपाण्याला लावा, सरसकट सगळ्यांना लावू नका. आणि एक गोष्ट सांगतो, रोषाने नाही: ऊस हे असे पीक आहे की ज्याला भाव निदान आधी ठरलेला असतो. कांद्यावर निर्यातबंदी येते, द्राक्षाला बेमोसमी पाऊस गाठतो, टोमॅटो रस्त्यावर ओतावा लागतो. शेतकरी उसाकडे पाण्याच्या हव्यासाने जात नाही, तो खात्रीच्या भावासाठी जातो. तीच खात्री दुसऱ्या पिकाला द्या, मग ऊस कमी करा असे सांगणे शोभेल.

नासर्डीकाठ

आपला शेवटचा मुद्दा मला पूर्णपणे पटतो आणि तो माझ्या मांडणीच्या विरोधात जातो असे मला वाटत नाही. मक्याला इथेनॉलमुळे तशी खात्री मिळू शकते का, हेच मला तपासायचे आहे. ठिबकाने पाणी बरेच वाचते हे खरे. पण वाचलेल्या पाण्यावर त्याच शेतकऱ्याने आणखी एकर-दोन एकर ऊस वाढवला, तर खोऱ्याच्या हिशेबात काहीच वाचत नाही. ठिबकासोबत क्षेत्राला मर्यादा हवी, असे माझे मत आहे.

धोरणाच्या धरसोडीबद्दल मात्र मी आपल्या बाजूने आहे. पाऊस कमी झाल्याने साखर कमी पडेल म्हणून ७ डिसेंबर २०२३ रोजी, ऐन गाळप हंगामात, उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी आली. आठवडाभरात ती शिथिल होऊन १७ लाख टन साखरेइतकाच ऊस वळवण्याची मर्यादा घातली गेली आणि २०२४-२५ च्या हंगामासाठी ती ऑगस्ट २०२४ मध्ये उठवण्यात आली. ज्यांनी व्याज सवलतीच्या भरवशावर कर्ज काढून आसवन्या उभारल्या, त्यांनी अशा वेळी हप्ते कशातून फेडायचे?

येवल्याचा मकावाला

मका इथेनॉलला जाऊ लागल्यावर पहिली दोन वर्षे आम्हाला बरी गेली. व्यापारी घरापर्यंत येऊ लागले आणि भाव हमीभावाच्या वर राहिला, त्यामुळे आमच्या भागात मक्याचा पेरा वाढला. पण २०२५ च्या खरिपाचा मका बाजारात आला तेव्हा हमीभाव २,४०० रुपये जाहीर असूनही बाजारातले भाव त्याच्या बरेच खाली होते. ओलावा जास्त आहे म्हणून आणखी कापायचे ते वेगळेच. आसवनीला तेल कंपन्या मक्याच्या इथेनॉलसाठी लिटरला ७१ रुपये ८६ पैसे देतात, आणि हा दर ठरवताना मक्याचा भाव धरलेला असतो. मग शेतकऱ्याकडून मका हमीभावाच्या खाली घेणाऱ्या आसवनीला तोच पूर्ण दर का मिळावा? मक्याची खरेदी हमीभावाने केल्याची पावती दाखवल्याशिवाय तो दर देऊ नये, एवढी एक अट घातली तरी आमचे बरेच काम होईल.

धागाकर्त्यांनी मका पावसावर येतो असे लिहिले ते बरोबर आहे, पण लष्करी अळीच्या फवारण्या आणि मजुरी धरल्याशिवाय एकरी हिशेब पूर्ण होत नाही. २५ क्विंटल हा चांगल्या वर्षाचा उतारा आहे. सप्टेंबरात पावसाने ओढ दिली की तो १५ वर येतो.

सिन्नर पोल्ट्री

मक्याचा भाव वाढला की तो कुणाच्या खर्चात वाढतो हेही इथे नोंदवायला हवे. कोंबडीच्या खाद्यात निम्म्याहून अधिक वाटा मक्याचा असतो. इथेनॉलची मागणी एकदम वाढली तेव्हा मका निर्यात करणारा आपला देश आयात करू लागला, म्यानमार आणि युक्रेनचा मका बंदरात उतरला. खाद्य महागले, पण पक्ष्याचा भाव त्या प्रमाणात वाढत नाही, आणि लहान शेड चालवणारे आमच्यासारखे लोक मधल्या मध्ये चेपले जातात.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगतो. मक्यातली पिष्टमय द्रव्ये इथेनॉलला गेली की प्रथिनयुक्त चोथा उरतो, त्याला डीडीजीएस म्हणतात. टनामागे तो सुमारे ३०० किलो मिळतो आणि सोया पेंडीपेक्षा स्वस्त असतो. आमच्या खाद्यात तो काही प्रमाणात चालतो, मात्र बुरशीचे विष तपासून घ्यावे लागते, कारण मका ओला असेल तर ते चोथ्यात अधिक दाट होऊन उतरते. हा चोथा मुबलक झाल्यापासून सोया पेंडीची मागणी घटली आणि सोयाबीनचा भाव दबला. म्हणजे येवल्याच्या मक्याला जे मिळाले त्यातला काही भाग लातूर-वाशीमच्या सोयाबीनवाल्याच्या खिशातून गेला. हे दोघेही कोरडवाहू शेतकरीच आहेत.

आसवनीतला

मी नगर जिल्ह्यातल्या एका आसवनीत बरीच वर्षे काम केले आहे, कारखान्याचे नाव देत नाही. वरच्या चर्चेत दोन गोष्टी आलेल्या नाहीत, वाफ आणि स्पेंटवॉश (आसवनीचे सांडपाणी), आणि आसवनीचा खरा खर्च याच दोन ठिकाणी होतो.

किण्वनानंतर जे द्रावण मिळते त्यात इथेनॉल साधारण दहा टक्क्यांच्या आसपास असते. ते ऊर्ध्वपातनाने वर आणत नेले तरी ९५ टक्क्यांच्या जरा पुढे गाडी अडते, कारण त्या प्रमाणात पाणी आणि इथेनॉल एकत्रच उकळतात. उरलेले पाणी मॉलिक्युलर सिव्ह नावाच्या गोळ्यांच्या थरातून काढावे लागते, तेव्हा कुठे ते पेट्रोलमध्ये मिसळण्याजोगे होते. या सगळ्याला वाफ लागते. साखर कारखान्याजवळ बगॅस (उसाचे चिपाड) असतो, त्यामुळे त्याची वाफ घरची असते. निव्वळ धान्यावर चालणाऱ्या आसवनीला कोळसा किंवा भुसा विकत घ्यावा लागतो. पेट्रोलच्या तुलनेत हरितगृह वायू उसाच्या इथेनॉलने सुमारे ६५ टक्के आणि मक्याच्या इथेनॉलने सुमारे ५० टक्के कमी होतात असे सरकारी अभ्यासात म्हटले आहे, त्या फरकामागे हे मोठे कारण आहे. तेव्हा धागाकर्त्यांच्या मांडणीत मका पाण्यावर जिंकतो, पण वाफेवर ऊस जिंकतो.

स्पेंटवॉशबद्दल. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढले की मागे साधारण ८ ते १५ लिटर सांडपाणी उरते. काळपट तपकिरी रंगाचे, आम्लयुक्त आणि गरम असे हे पाणी असते, आणि ते ओढ्यात गेले तर ओढ्यातला प्राणवायू संपवून टाकते. आता बाहेर थेंबही सोडायचा नाही असा नियम आहे, त्यामुळे ते आटवून बॉयलरमध्ये जाळतात किंवा प्रेसमडमध्ये (रस गाळून उरलेल्या गाळात) मिसळून खत करतात. ही यंत्रणा आसवनीइतकीच खर्चीक असते आणि ती नीट चालते की नाही हे पावसाळ्यात कळते. ज्या गावाशेजारी आसवनी आहे त्या गावकऱ्यांनी विहिरीचे पाणी वर्षातून दोनदा, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर, तपासून घ्यावे आणि अहवाल ग्रामपंचायतीत लावावा, असे मी आग्रहाने सांगेन.

माझ्या मते खरी आशा वेगळ्या ठिकाणी आहे. कारखान्याचा हंगाम चार-पाच महिने चालतो, आणि मळी साठवून ठेवली तरी आसवनी वर्षाचे बरेच दिवस पुरेशा कामाविना राहते. सहकारी कारखान्यांच्या आसवन्यांना मका आणि खराब धान्य वापरता यावे म्हणून मार्च २०२५ मध्ये केंद्राने व्याज सवलतीची योजना आणली. हंगामात मळी आणि उरलेल्या दिवसांत मका, आणि वाफेसाठी राखून ठेवलेला बगॅस, ही घडी बसली तर पाणी आणि वाफ दोन्ही आघाड्यांवर फायदा आहे. अर्थात दळण, पीठ शिजवणे आणि चोथा वाळवणे यांची यंत्रे नव्याने घालावी लागतात.

पण मागणीचाही विचार व्हावा. २०२५-२६ साठी तेल कंपन्यांनी सुमारे १,०५० कोटी लिटर मागितले तेव्हा देशभरातून १,७७६ कोटी लिटरचे देकार आले. उभारलेली क्षमता मागणीच्या कितीतरी पुढे गेली आहे. या वेळी आसवनी काढायला निघालेल्या संचालक मंडळांनी सभासदांपुढे हा आकडा ठेवूनच ठराव मांडावा.

पाथर्डी फाटा

विषयाला धरूनच एक तुलना मांडतो. एका एकराच्या उसापासून २,८०० लिटर इथेनॉल, म्हणजे ऊर्जेच्या हिशेबाने साधारण १,८५० लिटर पेट्रोल. लिटरला १५ किलोमीटर धावणारी मोटार त्यावर वर्षाला २८ हजार किलोमीटरच्या आत-बाहेर चालेल. त्याच एकरावर सौर पॅनल घातले तर चार एकराला एक मेगावॉट धरून वर्षाला पावणेचार लाख युनिट वीज मिळते, आणि युनिटला सात किलोमीटर धावणारी विजेवरची मोटार २६ लाख किलोमीटर जाते. फरक नव्वद पटींहून जास्त आहे, शिवाय पाणी लागते ते पॅनल धुण्यापुरते. मग एवढा खटाटोप इथेनॉलवर कशासाठी?

नासर्डीकाठ

आपले गणित बरोबर आहे आणि नव्या गाड्यांसाठी दिशा तीच असावी असे मलाही वाटते. पण आज रस्त्यावर असलेल्या कोट्यवधी दुचाकी आणखी दहा-पंधरा वर्षे पेट्रोलवरच धावणार आहेत, आणि त्यांच्या टाकीत जाणाऱ्या तेलाचा काही भाग इथेच पिकवणे हा तेवढ्या काळाचा प्रश्न आहे. मळी तर उसामागोमाग निघणारच आहे, तिचे काहीतरी करावेच लागते. ब्राझीलचे उदाहरण नेहमी दिले जाते. त्यांनी १९७५ मध्ये सुरुवात केली, २००३ पासून कोणत्याही प्रमाणात चालणाऱ्या फ्लेक्स गाड्या आणल्या आणि ऑगस्ट २०२५ पासून मिश्रण ३० टक्क्यांवर नेले. पण तिथला बहुतेक ऊस पावसावर येतो आणि ग्राहकाला पंपावर दोन इंधनांचे दर पाहून निवड करता येते. या दोन्ही गोष्टी आपल्याकडे नसताना २० टक्क्यांच्या पुढे जाण्याची घाई करू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. पानिपतला भाताच्या काडापासून इथेनॉल करणारा प्रकल्प ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झाला. तसे तंत्र मक्याच्या धाटांवर आणि कपाशीच्या पऱ्हाट्यांवर परवडू लागले, तर माझे मत बदलेल.

द्वारका गॅरेज

गाड्यांविषयी माझ्या अनुभवातले लिहितो, कारण पंपावर आणि समाजमाध्यमांवर फार अतिशयोक्ती चालते.

एप्रिल २०२३ नंतर विकल्या गेलेल्या गाड्यांचे रबरी आणि धातूचे भाग या मिश्रणाला टिकतील असे बनवलेले आहेत. २०२० पासूनच्या बीएस-सहा दुचाकींत इंधन इंजेक्शनने येते आणि सेन्सर धुरातला प्राणवायू मोजून इंधन कमी-जास्त करतो, त्यामुळे त्यांना फारसा त्रास होत नाही. खरा प्रश्न त्याआधीच्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांचा आहे. इथेनॉलमध्ये स्वतःचा प्राणवायू असतो, कार्ब्युरेटरला ते कळत नाही, तो जेटमधून ठरलेलेच इंधन सोडतो आणि मिश्रण पातळ होते. मग सकाळी गाडी लवकर सुरू होत नाही, पिकअप अडखळतो आणि इंजिन जरा जास्त तापते. अशा गाडीचा फ्लोटचा कप उघडला की तळाशी पांढरट भुकटी बसलेली दिसते आणि पेट्रोल नळीचे टोक बोटात दाबले तर ते मऊ, फुगलेले लागते. गाडी रोज चालत असेल तर हे सावकाश होते. उभी राहिली तर लवकर होते, कारण इथेनॉल हवेतला दमटपणा ओढत राहते आणि पाणी मर्यादेपलीकडे गेले की ते इथेनॉलला घेऊन टाकीच्या तळाला बसते. इगतपुरी-त्र्यंबककडच्या, पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाड्यांत मला हे सर्वांत जास्त दिसते.

कॉलेज रोड

वडिलांची २०१२ ची स्कूटर आहे, आठवड्यातून एखाद्या वेळी भाजीपाल्यापुरती बाहेर निघते. ती विकावी असे सगळे सुचवतात, पण त्यांची इच्छा नाही. तिच्यासाठी नेमके काय करून घ्यावे?

द्वारका गॅरेज

विकायची गरज नाही, ताई. पेट्रोल नळी, फ्लोट निडलची टोपी आणि टाकीच्या कॉकचे रबर एकदा बदलून घ्या, आणि घेताना इथेनॉलला चालणारेच मागा. हे सगळे किरकोळ भाग आहेत, खर्च फार येत नाही. मेकॅनिकला मुख्य जेट पुढच्या मापाचा घालून मिश्रण जुळवायला सांगा, नंतर स्पार्क प्लगचा रंग बघायला लावा; तो पांढरट असेल तर मिश्रण अजून पातळ आहे, बिस्किटासारखा तपकिरी असेल तर ठीक आहे. एरवी बेताचेच पेट्रोल भरून तीन-चार आठवड्यांत संपवा, म्हणजे ते टाकीत शिळे होत नाही. पावसाळ्यात मात्र टाकी भरलेली ठेवा, कारण रिकाम्या जागेतल्या हवेतूनच पाणी धरते. महिनाभर गाडी काढायचीच नसेल तर कार्ब्युरेटरच्या खालच्या स्क्रूने कप रिकामा करून ठेवा. टाकीला आतून गंज आहे का तेही टॉर्च लावून बघून घ्या, कारण गंज असेल तर बाकीची कामे करण्याआधी टाकी साफ करावी लागेल.